मंडपमचे शेवाळ आणि नील अर्थव्यवस्थेचे गारूड

१ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी अर्थसंकल्प मांडताना समुद्रशेवाळाच्या शेतीचा गौरव केला आणि तामिळनाडूत एक बहुउद्देशीय शेवाळ उद्यान उभारण्याची घोषणा केली. त्याच्या आदल्या वर्षी जाहीर झालेल्या पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद होती, आणि पाच वर्षांत ११.२ लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट होते. रामनाथपुरम् जिल्ह्यातील त्या उद्यानाची कोनशिला २०२३ साली बसली. खर्चाचा अंदाज सुमारे १२७ कोटींचा. योजनेची मूळ पाच वर्षे २०२५ साली संपली. शासनाच्याच आकडेवारीप्रमाणे देशाचे उत्पादन अद्याप एक लाख टनांपर्यंतही पोहोचलेले नाही.

उद्दिष्ट हुकले याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या नियोजनात उद्दिष्टे हुकण्याची परंपरा जुनी आहे आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला तिचे नवल वाटण्याचे कारण नाही. माझा आक्षेप निराळा आहे. 'नील अर्थव्यवस्था' या नावाने जे गारूड सध्या घातले जात आहे, त्यात किती टन, किती कोटी आणि किती रोजगार याचा हिशेब मांडला जातो. पण किनारा कोणाचा, माल विकत घेणारा कोण, कारखान्याची मालकी कोणाची आणि तोटा कोणी सोसायचा, हे चार प्रश्न कोणीच विचारीत नाही. जणू काही हा धंदा काल सुरू झाला आणि त्याला इतिहासच नाही! वस्तुतः मंडपमच्या किनाऱ्यावर या धंद्याला साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि या चारही प्रश्नांची उत्तरे तो देतो. कोकणच्या किनाऱ्यावरही शेवाळशेतीच्या प्रयोगांची आणि घोषणांची भाषा सुरू झालेली असताना आपल्या कार्यकर्त्यांनी तो इतिहास समजून घेणे अगत्याचे आहे.

युद्धाने जन्माला घातलेला धंदा

आपल्या घरांत 'चायना ग्रास' या नावाने जो पदार्थ खरवसासारख्या वड्या पाडण्यासाठी वापरला जातो, तो म्हणजे अगर. काही तांबड्या समुद्रशेवाळांपासून तो निघतो. शेवाळ उकळायचे, गाळायचे, थिजलेला रस गोठवून पुन्हा वितळवायचा आणि उरलेला चोथ्यासारखा भाग वाळवायचा, अशी ही साधी कृती. १८८०च्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढविण्यासाठी अगराचा वापर होऊ लागला. तशी सूचना फॅनी हेस या स्त्रीने स्वयंपाकघरातील आपल्या अनुभवावरून केली होती. तेव्हापासून जगातील प्रत्येक रुग्णालयाला आणि औषधनिर्मितीला अगराची गरज लागू लागली आणि तिचा पुरवठा जवळजवळ एकट्या जपानकडून होत असे.

दुसऱ्या महायुद्धात जपान शत्रुपक्षात गेला आणि हा पुरवठा तुटला. त्यामुळे अनेक देशांना आपापले किनारे धुंडाळावे लागले. भारतातही युद्धकाळातच देशी अगराचे प्रयोग झाले. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था स्थापन झाली आणि लवकरच तिचे मुख्य ठाणे मंडपमला आले. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेचे उद्घाटन १९५४ साली पंडित नेहरूंनी केले. तिचेही शेवाळ-संशोधन केंद्र मंडपमला निघाले. कोणते शेवाळ कोठे उगवते, किती उगवते, कोणत्या महिन्यात त्यात अगर अधिक असतो, ही सारी पायाभूत माहिती जनतेच्या पैशातून गोळा झाली. खाजगी भांडवलाने त्यासाठी छदाम खर्च केलेला नाही, हे आरंभीच नोंदवून ठेवले पाहिजे.

१९६६च्या सुमारास मन्नारच्या आखातातून शेवाळाची व्यापारी काढणी सुरू झाली. अगर आणि अल्जिनेट बनविणारे कारखाने मदुरैच्या परिसरात व अन्यत्र उभे राहिले. कारखान्याला लागणारा माल मात्र मच्छीमार वस्त्यांतील बायका आणीत आल्या. पहाटे भाड्याच्या होडीने बेटांकडे जायचे, डोळ्यांना जलचष्मा लावायचा, प्रवाळाने बोटे कापू नयेत म्हणून त्यांवर चिंध्या गुंडाळायच्या, आणि प्राणवायूची कोणतीही सोय नसताना श्वास कोंडून पुनःपुन्हा बुडी मारायची. हे तासन्‌तास चालते. या बायकांनी शेवाळांना नावे दिली आहेत. अगराच्या सर्वांत मोलाच्या शेवाळाला त्या दवण्याच्या तमिळ नावावरून 'मरिकोळुंदु' म्हणतात, तर पेजेसाठी वापरता येणाऱ्याला 'कंजी पासी'. ज्यांना आपले तज्ज्ञ 'अकुशल श्रमिक' या रकान्यात टाकतात, त्यांच्या ज्ञानाची ही पातळी आहे.

किनाऱ्यावर आल्यावर माल वाळवायचा आणि व्यापाऱ्याच्या दलालाला द्यायचा. अडीनडीला उचल देणारा तोच, वजन करणारा तोच आणि भाव सांगणाराही तोच. महाराष्ट्रातील ऊसतोड कामगार आणि त्याचा मुकादम ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या व्यवहाराचे अधिक स्पष्टीकरण करण्याची गरज नाही. खुल्या बाजारात अनेक विक्रेते आणि अनेक ग्राहक असतात असे आम्ही वर्गात शिकवितो. येथे विक्रेते हजारो होते आणि ग्राहक मूठभर. तेही उचलीच्या दोरीने विक्रेत्यांना आधीच बांधून ठेवणारे.

उद्यान कोणापासून वाचवायचे?

१९८६ साली शासनाने मन्नारच्या आखातातील २१ बेटांचा प्रदेश सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केला. १९८९ साली त्याभोवतीचा विस्तीर्ण प्रदेश जीवावरण राखीव क्षेत्र ठरला. प्रवाळाचे रक्षण झाले पाहिजे याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु त्या प्रवाळाचा नाश कोणी केला होता? चुना आणि सिमेंटसाठी वर्षानुवर्षे येथील प्रवाळ खणून नेले गेले, आणि त्या खणतीमुळे २१ पैकी दोन बेटे पाण्याखाली गेली. यांत्रिक ट्रॉलरांनी तळ खरवडला. हे सारे करणाऱ्यांपाशी पैसा होता, परवाने होते आणि ओळखी होत्या.

कायद्याचा बडगा मात्र सर्वांत सोयीस्कर पाठीवर पडला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी उद्यानाचा अंमल कडक झाला, तेव्हा बेटांवर जाणाऱ्या बायका एका रात्रीत गुन्हेगार ठरल्या. माल जप्त होणे, दंड होणे, होडी अडविली जाणे हे नित्याचे झाले. आपल्या आज्यांपासून चालत आलेले काम आपण कोणत्या क्षणी चोरी म्हणून करू लागलो, हे त्यांना कोणी सांगितले नाही. २००६ साली वनाधिकार कायदा झाला. त्यात जलाशयातील उत्पन्नावरील सामूहिक हक्कांनाही जागा आहे. पण जे अनुसूचित जमातींत मोडत नाहीत, त्यांनी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा अशी अट आहे. लाटांवर काढलेल्या आयुष्याचा सातबारा कोठून आणायचा?

या बायका हात जोडून बसल्या नाहीत. त्यांनी संघटना बांधली आणि स्वतःवर निर्बंध घातले: महिन्यातून सुमारे बारा दिवसच काढणी करायची, शेवाळ खरवडण्यास धातूचे हत्यार वापरायचे नाही, हातानेच खुडायचे, उन्हाळ्यातील मासेमारीबंदीच्या ४५ दिवसांत शेवाळालाही विश्रांती द्यायची. या संघटित प्रयत्नांबद्दल रामेश्वरच्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ साली सीकॉलॉजी पुरस्कार मिळाला. समाईक मालमत्ता म्हटली की तिचा नाश अटळच, असा सिद्धान्त जे अर्थशास्त्री पाठ म्हणतात, त्यांनी या खेडुत बायकांची नियमावली एकदा अवश्य वाचावी. समाईक संपत्तीचा नाश ती समाईक असल्याने होत नाही. तिच्यावर जगणाऱ्यांचा अधिकार काढून घेतला म्हणजे तो होतो.

पेप्सीपासून इफ्कोपर्यंत

ज्या काळात या बायकांना बेटांवरून हुसकले जात होते, नेमक्या त्याच काळात शेवाळाच्या क्षेत्रात एका बहुराष्ट्रीय कंपनीचे स्वागत झाले. हा योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे.

कप्पाफायकस नावाचे मूळचे फिलिपिन्सकडील शेवाळ भावनगरच्या संस्थेने १९८४ साली जपानमार्गे आणून ओख्याच्या किनाऱ्यावर वाढवून पाहिले. १९९५च्या सुमारास ते मंडपमला आले. यापासून कॅराजीनन मिळते. आइस्क्रीम, टूथपेस्ट, डबाबंद मांस इत्यादी मालाला घट्टपणा आणण्यासाठी ते लागते. तीन मीटर लांब-रुंद बांबूच्या तराफ्याला बेणे बांधायचे आणि ४५ दिवसांनी पीक काढायचे, ही लागवडीची रीत संस्थेने बसविली. २०००-०१च्या सुमारास या तंत्राचा परवाना पेप्सिको कंपनीने घेतला. पुढे बचत गटांतील बायकांना सार्वजनिक बँकांची कर्जे मिळाली, शासनाचे अनुदान मिळाले आणि कंत्राटी शेवाळशेती सुरू झाली.

या व्यवहाराची जमाखर्चाची वही उघडून पाहू. तंत्र जनतेच्या प्रयोगशाळेचे. समुद्र जनतेचा. कर्ज जनतेच्या बँकेचे, अनुदान जनतेच्या करांतून. श्रम बायकांचे. वादळाने तराफा मोडला तर तोटा बायकांचा आणि कर्जाचा हप्ताही त्यांचाच. कंपनीकडे काय होते? खरेदीचा करार आणि प्रक्रियेचा कारखाना. या दोन गोष्टी हाती असल्या म्हणजे बाकी सर्व दुसऱ्यांचे असले तरी चालते, हेच या व्यवस्थेचे मर्म आहे.

२००८ साली पेप्सिकोने यातून अंग काढून घेतले आणि कंपनीच्याच एका माजी वरिष्ठ अधिकाऱ्याने स्थापन केलेल्या अ‍ॅक्वाअ‍ॅग्री या कंपनीकडे हा व्यवसाय गेला. मानामदुरै येथे तिचा कारखाना आहे. ओल्या शेवाळाचा रस पिळून पिकांसाठी द्रवखत करायचे आणि उरलेल्या भागातून कॅराजीनन काढायचे, ही दुहेरी लाभाची कृतीही भावनगरच्या सरकारी संस्थेचीच. २००८ सालीच मदुरैच्या विद्यापीठातील संशोधकांनी कुरुसडै बेटाजवळच्या जिवंत प्रवाळावर हे परके शेवाळ पसरल्याचे 'करंट सायन्स' या नियतकालिकात जाहीर केले. त्यावर शास्त्रज्ञांत वाद झाला. वादाचा निर्णय शास्त्रज्ञ करोत. पण स्वतःच्या समुद्रातील शेवाळ हाताने खुडणारी बाई गुन्हेगार आणि परदेशी शेवाळ आणून लावणारा उद्योजक मात्र विकासदूत, ही तुलना करण्यासाठी वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही.

२०१२-१३च्या सुमारास उत्पादन सुमारे दीड हजार टन सुक्या मालापर्यंत चढले होते. पुढे समुद्राचे तापमान वाढले, शेवाळ मोठ्या प्रमाणावर मेले आणि उत्पादन कोसळले. कारखानदाराला इंडोनेशिया-फिलिपिन्सचा माल मागविता येतो. तराफेवालीला दुसरा समुद्र मागविता येत नाही.

२०१७ साली इफ्को या खतक्षेत्रातील अवाढव्य सहकारी संस्थेने अ‍ॅक्वाअ‍ॅग्रीत निम्मा हिस्सा घेतला. 'सागरिका' या नावाचे शेवाळ-अर्काचे द्रवखत महाराष्ट्रातील शेतकरीही आज पिकांवर फवारतात. आपल्यापैकी अनेकांना वाटेल, चला, सहकार आला, प्रश्न मिटला! पण इफ्कोचे सभासद म्हणजे ठिकठिकाणच्या सहकारी संस्था. निम्मा हिस्सा सहकारी झाला म्हणून मंडपमच्या तराफेवालीला त्या कारखान्यात एकही मत मिळत नाही. फवारणाऱ्याचे प्रतिनिधित्व कोठेतरी आहे. पिकविणारीचे कोठेच नाही.

हेब्रिडीज बेटांचा धडा

शेवाळाच्या भरभराटीने गरिबांचे भले होतेच असे मानणाऱ्यांसाठी एक जुने उदाहरण देतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शेवाळ जाळून त्याची राख, म्हणजे 'केल्प', काच आणि साबणाच्या कारखान्यांना विकली जाई. एक टन राखेसाठी वीसेक टन ओले शेवाळ गुडघाभर गार पाण्यात उभे राहून कापावे लागे. नेपोलियनशी चाललेल्या युद्धामुळे स्पेनची सोडाराख दुर्मिळ झाली आणि केल्पचा भाव टनाला वीस पौंडांच्या आसपास गेला. कुळांच्या हाती त्यातले दोन-तीन पौंडच पडत. उरलेले जमीनदारांचे, कारण किनारा त्यांच्या मालकीचा होता. कुळे अमेरिकेला जाऊ लागली, तेव्हा १८०३ साली प्रवासी जहाजांविषयी कायदा झाला. प्रवाशांच्या आरोग्याची काळजी हे त्याचे सांगितलेले कारण. प्रवास महागला आणि मजूर जागीच राहिले, हा परिणाम जमीनदारांना हवा होता. १८१५नंतर युद्ध संपले, परदेशी माल स्वस्त झाला आणि केल्पचा धंदा बसला. आता तीच माणसे जमीनदारांना 'जादा लोकसंख्या' वाटू लागली. त्यांना हुसकून तेथे मेंढ्या आणल्या गेल्या.

दोनशे वर्षांचे अंतर आहे, देश निराळा आहे, हे मला मान्य आहे. परंतु तेजीत श्रमिकाला बांधून ठेवणे आणि मंदीत त्याला झटकून टाकणे ही रीत तेथे शक्य झाली ती किनारा आणि बाजार दोन्ही श्रमिकाच्या हाती नव्हते म्हणून. मंडपमला तरी ते कोठे आहेत?

विरोधकांचे म्हणणे

या लिखाणावर एक आक्षेप अपेक्षित आहे: "तुम्ही समाजवादी प्रत्येक उद्योगात शोषण पाहता. या शेवाळशेतीने हजारो बायकांच्या हाती प्रथमच रोख पैसा आला, त्याचे काय?" तो पैसा आला, हे मी नाकारीत नाही. मुले शाळेत गेली, काही घरांत बाईच्या शब्दाला वजन आले, ही लहान गोष्ट नव्हे. शेवाळाची शेती बंद करा असे माझे म्हणणे नाही. परंतु उपासमारीपेक्षा मजुरी बरी, एवढ्यावरून मजुरीची अट न्याय्य ठरत नाही. गिरण्या निघाल्या तेव्हाही कोकणातील भुकेल्या माणसाला रोख पगार मिळाला होता. म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी आठवड्याच्या सुट्टीची मागणी करायची नव्हती काय?

दुसरा आक्षेप आपल्याच गोटातून येईल: "सहकारी कारखाना काढा म्हणजे झाले." येथे महाराष्ट्राने आपल्या अनुभवाचा प्रामाणिक हिशेब द्यावा. ज्याच्या हाती चरक, त्याच्या हाती ऊस, हे ओळखून प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि आमच्या विषयातील थोर गुरू धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. प्रक्रियेची मालकी उत्पादकाकडे आली आणि त्याने ऊसकरी शेतकऱ्याचे जीवन पालटले. परंतु ऊस तोडणारा माणूस त्या सहकारात सभासद झाला नाही. तो उचलीवरच राहिला, कोप्यांतच राहिला. मालकांचा सहकार झाला; श्रमिकांचा झाला नाही. शेवाळाच्या बाबतीत हीच चूक पुन्हा करायची असेल, तर सहकाराचे नाव न घेतलेले बरे.

मागण्या कोणत्या?

म्हणून आपण चार मागण्यांभोवती लोकमत संघटित केले पाहिजे. पहिली, किनाऱ्यावर आणि बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या शेवाळ वेचणाऱ्यांचा सामूहिक हक्क कायद्याने मान्य करावा, आणि त्यांनी स्वतः घालून घेतलेल्या निर्बंधांना शासनाने नियमांचा दर्जा द्यावा. दुसरी, उसाला जसा कायद्याने किमान दर ठरतो, तसा शेवाळाच्या प्रत्येक जातीला किमान खरेदीदर ठरवावा, आणि वजन-प्रतवारी सार्वजनिक देखरेखीखाली व्हावी. तिसरी, वादळ, उष्णता आणि रोग यांनी होणाऱ्या नुकसानीचा विमा खरेदीदाराने आणि शासनाने भरावा. ज्याला नफ्यात वाटा, त्याला तोट्यातही वाटा असला पाहिजे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, सरकारी प्रयोगशाळेचे तंत्र आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक प्रक्रिया-कारखान्यात शेवाळ वेचणाऱ्या व पिकविणाऱ्या बायकांना भागधारक म्हणून मत मिळावे. शेवाळ उद्यानावरचा शंभर-सव्वाशे कोटींचा खर्च जनतेचा आहे. त्याच्या व्यवस्थापनात या बायकांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधी का नसाव्यात?

कोकणात आज ओहोटीला कालवे आणि तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांपाशी त्या खडकांचा, त्या पुळणीचा कोणता कागद आहे? काहीच नाही. उद्या त्या खाडीत तराफ्यांचे परवाने निघतील आणि परवान्याचा कागद ज्याच्याकडे, किनारा त्याचा असे होईल. मालवणचा समुद्र १९८७ सालीच अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आहे. तेव्हा मंडपमचा दुहेरी पेच येथेही उभा राहू शकतो. मंडपमला लोक संघटित झाले ते हक्क गेल्यावर. आपल्या किनाऱ्यावरील कार्यकर्त्यांना थोडा अवधी आहे. कोणत्या गावात कोण, कोठे, किती पिढ्यांपासून वेचते, याची नोंद ग्रामसभेच्या ठरावासह आजच करून ठेवण्याचे काम त्यांनी हाती घ्यावे. पहिला परवाना निघेल त्या दिवशी ती नोंद टेबलावर असली, तर लढ्याचा आरंभ तरी आपल्या बाजूने होईल.